सहाशे हेक्टरला प्लॉट किती? उत्तर सोलापूर तालुक्यातल्या वनमोजणीच्या नोंदी

६ जानेवारी २०२५, सोमवार

काम हाती आलं. बार्शी रस्त्याच्या बाजूचं ६०० हेक्टरचं वनक्षेत्र आहे. तिथं हेक्टरी किती झाड उभं आहे ते सांगायचं. अट एकच: आपला आकडा खऱ्या आकड्याच्या १० टक्के अलीकडे-पलीकडे असावा, आणि १०० पैकी ९५ वेळा तरी असावा. पैसा साधारण १३० प्लॉटपुरता, म्हणजे नमुना म्हणून मोजायच्या जमिनीच्या १३० तुकड्यांपुरता. हे मी पहिल्याच पानावर लिहून ठेवते, कारण पुढे प्रत्येक निर्णय याच दोन आकड्यांपाशी येऊन थांबणार.

सोबत आलेल्या फाइलमध्ये आधीच्या मोजणीचा अहवाल होता. त्यात नमुन्याबद्दल एकच वाक्य: ‘५ टक्के क्षेत्र मोजले.’ दिवसभर ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. ६०० हेक्टरचे ५ टक्के म्हणजे ३० हेक्टर, म्हणजे एक दशांश हेक्टरचे ३०० प्लॉट. हेच जंगल ६,००० हेक्टर असतं तर ३,००० प्लॉट झाले असते आणि ६० हेक्टर असतं तर फक्त ३०. अचूकता मात्र टक्क्यावर ठरत नाही. किती प्लॉट मोजले आणि एका प्लॉटपासून दुसऱ्या प्लॉटपर्यंत जंगल किती बदलतं, यावर ती ठरते. शितावरून भाताची परीक्षा होते ती पातेलं लहान आहे म्हणून नाही, भात सगळीकडे सारखा शिजलाय म्हणून. आमचं रान एकसारखं शिजलेलं नाही, आणि हिशोब सगळा तिथेच आहे.

काय मोजायचं तेही आज ठरलं. घनफळासाठी प्रत्येक जातीचं वेगळं समीकरण लागतं, आणि माळावरच्या झुडपांना ते नीट बसेल याची मला खात्री नाही. म्हणून बेसल एरिया. छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून १.३७ मीटरवर, खोड आडवं कापलं तर जी चकती दिसेल तिचं क्षेत्रफळ. हेक्टरातल्या अशा सगळ्या चकत्यांची बेरीज चौरस मीटरमध्ये. टेपनं घेर घ्यायचा, त्याचा वर्ग करून १२.५७ नं भागायचं, एवढंच. १५ सेंटिमीटर घेराच्या पुढचं प्रत्येक खोड मोजायचं.

९ जानेवारी, गुरुवार

मामांबरोबर अख्खं रान फिरून आले. मामा या भागात तीस वर्षं वनमजुरी करतात, त्यांच्या पायांना इथली प्रत्येक बांधबंदिस्ती ठाऊक आहे. मी नकाशा घेऊन गेले होते, पण स्तर पाडले, म्हणजे सारख्या झाडीचे गट केले, ते मामांच्या बोलण्यावरून. ते म्हणाले, “ताई, हितं तीनच रानं हायत. वड्याचं रान, लावलेलं रान आन् माळ.”

तसंच केलं. ओढ्याकाठचा पट्टा ६० हेक्टर: कडुनिंब, करंज, बाभूळ, मधूनच एखादी जुनी चिंच. रोपवन २१० हेक्टर: गिरिपुष्प, शिसू, कडुनिंब, ओळीत लावलेलं, जागोजागी मेलेलं. माळ ३३० हेक्टर: हिवर, बोर, तरवड, वेडी बाभूळ आणि बरंचसं नुसतं गवत. एकूण क्षेत्रातला वाटा अनुक्रमे ०.१०, ०.३५ आणि ०.५५.

स्तर पाडायचा नियम सरांनी वर्गात एका वाक्यात सांगितला होता. स्तराच्या आत सारखेपणा हवा आणि दोन स्तरांमध्ये फरक हवा. गावाची हद्द, बीटाची हद्द, कंपार्टमेंटची रेघ कारभाराला सोयीची असते, पण झाड त्या रेघेवर बदलत नाही. आज नकाशावरची बीटाची रेघ रोपवनाच्या बरोबर मधून गेलेली पाहिली. दोन्हीकडे तीच गिरिपुष्पं, तेवढ्याच अंतरावर.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. सोलापुरातल्या गड्ड्याच्या यात्रेमुळे मोजणीची पोरं रानात यायला तयार नाहीत, आणि मीही आग्रह धरला नाही. घरी बसून वाचलं.

प्रत्येक स्तरात किती प्लॉट घ्यायचे याचे मुख्य दोन मार्ग. पहिला, क्षेत्राच्या प्रमाणात. दुसरा नेमनचा: क्षेत्र गुणिले त्या स्तराचं प्रमाण विचलन (तिथले प्लॉट सरासरीपासून साधारण किती लांब जातात तो आकडा), या गुणाकाराच्या प्रमाणात. संख्याशास्त्रज्ञ जर्झी नेमननं हा १९३४ मध्ये मांडला. रशियन संख्याशास्त्रज्ञ चुप्रोव्हनं त्याआधी, १९२३ मध्ये, हेच गणित सोडवलं होतं, पण नाव नेमनचं राहिलं. पुढच्याच वर्षी, १९३५ मध्ये, पां. वा. सुखात्म्यांनी याच्यावरचा नेमका कळीचा प्रश्न धरला: प्रमाण विचलन खरं माहीत नसेल आणि छोट्या नमुन्यावरून अंदाजानं घ्यावं लागलं तर काय? सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे. आमच्यासारखाच कमी पावसाचा तो मुलूख. पुढे पीककापणीच्या प्रयोगांत त्यांनी दाखवून दिलं की प्लॉट फार लहान घेतला तर उत्पन्न फुगून येतं, कारण कडेवरचं पिकाचं ताट माणूस आत ओढतो. कडेवरचं झाड आत की बाहेर, हा वाद आम्ही रोज घालतो.

१८ जानेवारी, शनिवार

चाचणीचे १८ प्लॉट तीन दिवसांत उरकले, प्रत्येक स्तरात सहा. प्लॉट चौरस, बाजू ३१.६२ मीटर. बाजू मोजत बसायचं नाही. मधल्या बिंदूवर खुंटी ठोकायची आणि चार दिशांना २२.३६ मीटरचा टेप ताणायचा, चारही कोपरे मिळतात. खोडाचा मध्य दोरीच्या आत असेल तर झाड आत.

ओढ्याकाठच्या चौथ्या प्लॉटमध्ये एक कडुनिंब होता, घेर १८० सेंटिमीटर. मामांनी टेप धरला, मी आकडा वाचला आणि जागेवरच हिशोब केला: ३२,४०० भागिले १२.५७, म्हणजे साधारण २,५८० चौरस सेंटिमीटर. प्लॉट हेक्टराचा दहावा हिस्सा, म्हणून हेक्टरी २.६ चौरस मीटर. एकट्या झाडानं! रोपवनातल्या ६० सेंटिमीटर घेराच्या झाडाचा वाटा हेक्टरी ०.२९, म्हणजे तशी नऊ झाडं उभी केली तेव्हा कुठे या एका कडुनिंबाची बरोबरी होते. तो दोरीच्या आत आला म्हणून प्लॉट १४ वर गेला. खुंटी दहा पावलं पलीकडे पडली असती तर ११ वर राहिला असता. ओढ्याकाठचं विचलन मोठं का येतं, हे पोरांना वेगळं समजवावं लागलं नाही.

एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे, ती लिहूनच ठेवते. माळावरचे सहा प्लॉट शेवटच्या दिवशी झाले. ऊन तापलं होतं, पाणी संपत आलं होतं. सोडतीत निघालेले बिंदू लांब होते, म्हणून गाडीवाटेपासून दोनशे मीटरच्या आतले सहा बिंदू धरले. होकार मीच दिला.

२० जानेवारी, सोमवार

चाचणीचा हिशोब, हेक्टरी चौरस मीटरमध्ये:

ओढ्याकाठ: सरासरी १०.०, प्रमाण विचलन ४.८
रोपवन: सरासरी ५.०, प्रमाण विचलन २.५
माळ: सरासरी १.६, प्रमाण विचलन १.१

माळाचे सहा आकडे: ०.४, ०.७, १.२, १.७, २.२, ३.४.

वाट्यानं गुणून सगळ्या रानाची सरासरी ३.६३. तिचे १० टक्के म्हणजे ०.३६३. एवढी चूक चालेल.

आता सूत्र. प्रत्येक स्तराचा वाटा त्याच्या प्रमाण विचलनानं गुणायचा आणि तिघांची बेरीज करायची: ०.४८ + ०.८७५ + ०.६०५ = १.९६. बेरजेचा वर्ग ३.८४. त्याला ४ नं गुणायचं (९५ टक्क्यांसाठीचा गुणक, टी, धरला २, त्याचा वर्ग) आणि चालणाऱ्या चुकीच्या वर्गानं, ०.१३२ नं, भागायचं. उत्तर ११७ प्लॉट.

कुतूहल म्हणून इतर पद्धतींनीही काढून पाहिलं. क्षेत्राच्या प्रमाणात वाटले तर १५७. स्तर पाडलेच नाहीत आणि सरसकट सोडत काढली, तर ३६९. मामांच्या ‘तीनच रानं’ या एका वाक्यानं दोनशेहून जास्त प्लॉट वाचवले. प्लॉट निम्मे करायचे तर चूक दुप्पट चालवून घ्यावी लागेल का, असं एका पोरानं विचारलं. चांगला प्रश्न. चूक दुप्पट चालवून घेतली की प्लॉट चौथा हिस्सा होतात, निम्मे नाहीत. उलट बाजूनं पाहिलं तर १० टक्क्यांचे ५ टक्के करायला चौपट राबावं लागतं. अचूकता मागणाऱ्यानं हे आधी ऐकायला हवं.

एकूण ६,००० प्लॉट मावतील अशा रानातून आपण ११७ घेतो आहोत, त्याची सूटही सूत्रात बसते. ती धरली तर ११४. तीन प्लॉटांसाठी ती सूट घ्यायची नाही असं ठरवलं.

२२ जानेवारी, बुधवार

वाटणी: ओढ्याकाठ २९, रोपवन ५२, माळ ३६.

काम देणाऱ्यांसमोर हे मांडलं तेव्हा पहिली हरकत ओढ्याकाठवर आली. दहावा हिस्सा रान आणि चौथा हिस्सा प्लॉट, हा अन्याय नाही का? क्षेत्राच्या प्रमाणात तिथं १२ च आले असते. मी कडुनिंबाची गोष्ट सांगितली. माळावर दहा ठिकाणी उभं राहिलात तरी जवळजवळ तेच दिसतं. ओढ्याकाठी दहा पावलांवर रान बदलतं. जिथं रान बदलतं तिथं जास्त वेळा पाहायला हवं. पटलं. कागदावर सही झाली.

परत येताना माझ्याच वाक्यातला ‘माळावर जवळजवळ तेच दिसतं’ हा भाग टोचत राहिला. आम्ही माळ कुठून पाहिला होता? गाडीवाटेवरून.

३ फेब्रुवारी, सोमवार

मुख्य मोजणी सुरू. दोन तुकड्या, साडेसहाला हजर. बिंदू क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये सोडतीनं काढलेले, प्रत्येक स्तराच्या राखीव बिंदूंची यादी आधीच क्रमवार छापून ठेवलेली. या वेळी मी माळ सर्वांत आधी घेतला, लांबचे बिंदू पहिले.

गिरिपुष्पाची पानं गळून गेलीत आणि काड्यांवर गुलाबी फुलं आलीत. खोडं स्वच्छ दिसतात. मोजायला याहून चांगला महिना नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

माळावरचा अकरावा बिंदू. जीपीएस दाखवत होतं की अजून चाळीस मीटर आत जायचंय, आणि समोर वेड्या बाभळीची भिंत. जुन्या मुरमाच्या खाणीभोवती माजलेली. मामा कोयता घेऊन थांबले. “ताई, हितं काटं लई हायत. चार पावलं अलीकडं घ्या की, कुनाला कळतंय?”

कोणाला कळलं नसतं हे खरंच. पण चार पावलं अलीकडे मोकळा माळ आहे. काटे लागतात म्हणून प्रत्येक वेळी बिंदू सरकवला, तर माळावर वेडी बाभूळ नाहीच असं आमचा अहवाल सांगेल. मी मामांना तसंच सांगितलं. ते काही बोलले नाहीत, वाट पाडायला लागले. आत जायलाच पाऊण तास गेला. एका बुडातून सहा-सहा, सात-सात खोडं, सगळी १.३७ मीटरच्या खाली फुटलेली, म्हणजे प्रत्येक वेगळं मोजायचं. टेप घालायला हात जात नव्हता. दोरीनं घेर घेऊन दोरी टेपवर मोजली. चार तास लागले. प्लॉट निघाला ७.३ चा.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

माळाचे बारा प्लॉट झाले: ०.०, ०.३, ०.५, ०.८, ०.९, १.१, १.४, १.६, २.०, २.३, ५.०, ७.३. सरासरी १.९, प्रमाण विचलन २.१. चाचणीत १.१ आलं होतं.

रात्री पुन्हा सूत्रात घातलं. माळाच्या वाट्याचा गुणाकार ०.६०५ वरून १.१५५ वर गेला, बेरीज २.५१. सरासरीही थोडी वाढली, ३.८०, त्यामुळे चालणारी चूक ०.३८. तरी उत्तर १७५ प्लॉट. पैसा १३० चा.

सरांना फोन केला. रागावले नाहीत. म्हणाले, “सहा प्लॉटांवरून काढलेलं विचलन किती हलतं ते काढून बघ.” काढलं. आकडे प्रसामान्य वितरणाचे (सरासरीच्या दोन्ही बाजूंना घंटेच्या आकारात सारखे पसरलेले) धरले तरी सहा निरीक्षणांवरून आलेल्या प्रमाण विचलनाची ९५ टक्क्यांची व्याप्ती त्याच्या ०.६२ पटीपासून २.४५ पटीपर्यंत जाते. म्हणजे माझं १.१ खरं तर ०.७ ते २.७ मध्ये कुठेही असू शकत होतं. बाकी काही न बदलता फक्त ही दोन टोकं सूत्रात घातली तर प्लॉटसंख्या एका टोकाला ९२ आणि दुसऱ्या टोकाला २४५ येते. मी ११७ हा आकडा सही करून दिला होता. सूत्र बरोबर होतं, गुणाकार बरोबर होता. त्यात टाकलेला आकडा गाडीवाटेच्या कडेचा होता.

यापुढे नमुना आकार सांगताना चाचणीत किती प्लॉट होते आणि ते कसे निवडले, हे त्याच ओळीत लिहायचं. प्रत्येक स्तरात दहा-बारा तरी हवेत, आणि सोडतीतलेच.

१० फेब्रुवारी, सोमवार

तीन दिवस आकड्यांकडे पाहत होते. बारापैकी दहा प्लॉट २.३ च्या आत आहेत आणि दोन एकदम वर. हे एक रान नाही, दोन आहेत. माझा तिसरा स्तरच चुकीचा पडलाय.

वेडी बाभूळ ऐन उन्हाळ्यातही हिरवी राहते. तेव्हा माळावरचं गवत वाळून पिवळं पडलेलं असतं आणि हिवर-बोरीची हिरवाई तुटपुंजी असते. म्हणून मागच्या एप्रिलचं सेंटिनेल-२ उपग्रहाचं चित्र उतरवून घेतलं, १० मीटरच्या ठिपक्यांचं. पिवळ्या माळावर वेड्या बाभळीचे पुंजके शाईचे डाग पडावेत तसे उठून दिसले. त्यांच्या कडा आखल्या: ५५ हेक्टर. उरला मोकळा माळ २७५. (ओढ्याकाठी ही युक्ती चालत नाही. तिथला कडुनिंब एप्रिलात नव्या पालवीनं हिरवागार असतो.)

एक पथ्य काटेकोर पाळलं. कडा आखताना प्लॉटचे आकडे समोर ठेवले नाहीत. चित्रात जे हिरवं दिसलं तेच पुंजक्यात. २.३ चा प्लॉट रेघेच्या अगदी जवळ पडला. चित्रानं तो मोकळ्या माळात टाकला, तिथेच ठेवला. आकडे बघून रेघ हलवली असती तर विचलन कागदावर कमी झालं असतं, रानात नाही.

आधीचे बारा प्लॉट वाया जात नाहीत. ते सगळ्या माळावर सोडतीनं पडले होते, त्यामुळे दोन्ही नव्या स्तरांत सोडतीचेच ठरतात: दोन पुंजक्यात, दहा मोकळ्यावर. बारापैकी दोन, आणि ३३० पैकी ५५ हेक्टरही बरोबर सहावा हिस्सा. हे जुळलेलं पाहून जरा धीर आला. गाडीवाटेचे ते सहा प्लॉट मात्र अंतिम सरासरीत धरायचे नाहीत. ते फक्त आखणीपुरते.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

पुंजक्यांमध्ये आणखी चार बिंदू सोडतीनं काढून मोजले: २.१, ८.४, ४.६, ३.८. आधीचे दोन धरून सरासरी ५.२, प्रमाण विचलन २.३. मोकळ्या माळाचं, वाटेकडेचे सहा धरूनही, ०.९, सरासरी १.३.

चार स्तरांवर नवा हिशोब: ०.४८ + ०.८७५ + ०.२११ + ०.४१३, बेरीज १.९८. प्लॉट १०८, वाटून पूर्णांक करताना १०९. ओढ्याकाठ २६, रोपवन ४८, पुंजके १२, मोकळा माळ २३.

१७५ चे १०९ झाले, आणि त्यासाठी नवा पैसा लागला नाही, मागच्या एप्रिलचं एक चित्र लागलं. रात्री उशिरापर्यंत झोप आली नाही, आनंदानं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

पुंजक्यातल्या एका प्लॉटला चार तास, मोकळ्या माळावर एक. खर्च धरून वाटणी करायची असेल तर प्रत्येक स्तराचा हिस्सा खर्चाच्या वर्गमुळानं भागतात. चौपट वेळ म्हणजे बाकीच्यांच्या तुलनेत हिस्सा निम्मा. पुंजक्यांत साधारण सहाच प्लॉट बसले असते. पोरांचे ओरबाडलेले हात पाहून मोह झाला.

तरी १२ च ठेवले. ते २.३ सहा प्लॉटांवरून आलंय, आणि सहा प्लॉटांवर मी एकदा विसंबून झालंय. सगळ्यांना जाड हातमोजे आणले.

१९ फेब्रुवारी, बुधवार

शिवजयंती. काम बंद.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

मोकळ्या माळावर आणखी एक शून्याचा प्लॉट. खुंटी ठोकली, चार टेप ताणले, आणि आत एकही खोड नाही. नुसतं कुसळी गवत, गुडघ्यापर्यंत. नवीन पोरगं म्हणालं, “ताई, हा सोडून दुसरा घेऊ या, इथं काहीच नाही.” त्याला शेजारी बसवून तक्ता भरायला लावला: झाडं ०, बेसल एरिया ०.०, वेळ, सही. इथं काही नाही, हेही आपण इथं येऊनच सांगू शकतो. शून्याचे प्लॉट गाळले तर माळ कागदावर जंगल होतो, मग कोणीतरी त्या आकड्यावर खड्डे खणायला येतं.

आम्ही तक्ता भरत असताना दोनशे-तीनशे मीटरवरून काळविटांचा कळप गेला. हे गवत त्यांचं आहे. माळढोकासाठी नान्नजचं अभयारण्य १९७९ मध्ये झालं तेही असल्याच माळावर, आणि त्या पक्ष्याला उघडं गवत लागतं, दाट झाडी नाही. म्हणून अहवालात मोकळ्या माळाचा आकडा वेगळा छापायचा. सगळ्यांची मिळून एकच सरासरी दिली तर ही २७५ हेक्टर तिच्याखाली दबून जातील.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

ओढ्याकाठच्या एका बिंदूवर आग्या मोहोळ, जुन्या चिंचेला. राखीव यादीतला पुढचा बिंदू घ्यावा असं तुकडीचं म्हणणं पडलं. माझं मन मानेना. मोहोळ मोठ्या झाडालाच बसतं. मोठं झाड टाळून पुढे गेलो तर आकडा आपोआप खाली येणार. मामा म्हणाले पहाटे गारव्यात जाऊ, माश्या बसलेल्या असतात. उद्या साडेपाचला.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

झालं. मामांनी चिंचेचा घेर घेतला, आवाज न करता बोटांनी आकडा दाखवला: दोनशे दहा. कोणाला डंख नाही.

५ मार्च, बुधवार

१०९ पूर्ण. राखीव यादीतला एकही बिंदू वापरावा लागला नाही. एका तुकडीचे अकरा प्लॉट दुसऱ्या तुकडीनं पुन्हा मोजले. फरक आला तो जवळपास सगळा पुंजक्यांमध्ये आणि कडेच्या झाडांवर. ती झाडं पुन्हा पाहून तक्ते दुरुस्त केले. दुपारी ऊन सोसेनासं झालंय, वेळेत आटोपलं.

१० मार्च, सोमवार

अंतिम आकडे, हेक्टरी चौरस मीटरमध्ये:

ओढ्याकाठ, २६ प्लॉट: सरासरी ९.४, प्रमाण विचलन ४.९
रोपवन, ४८ प्लॉट: ५.२, २.७
वेड्या बाभळीचे पुंजके, १२ प्लॉट: ५.६, २.५
मोकळा माळ, २३ प्लॉट: १.२, ०.८५

सगळ्या रानाची सरासरी ३.८२. प्रत्येक स्तराच्या वाट्याचा वर्ग गुणिले विचरण (प्रमाण विचलनाचा वर्ग) भागिले प्लॉट, वर मर्यादित क्षेत्राची सूट; चौघांची बेरीज ०.०३७८. तिचं वर्गमूळ ०.१९५, दुप्पट ०.३९. टक्क्यांत १०.२.

दहा हवे होते. ओढ्याकाठी, रोपवनात आणि पुंजक्यांत तिन्हीकडे विचलन आखणीपेक्षा थोडं जास्त निघालं, त्याचा हा परिणाम.

सूत्रात घालून पाहिलं: ओढ्याकाठी दोन आणि रोपवनात दोन प्लॉट वाढवले आणि विचलन आहे तेवढंच राहिलं, तर चूक १० च्या केसभर खाली येते. एका दिवसाचं काम. पैसाही उरलाय. पोरं तयार होती.

दुपारभर विचार केला आणि नको म्हणाले. आकडा पाहून मग प्लॉट वाढवायचे आणि हवा तो टक्का दिसला की थांबायचं, असं केलं तर त्या टक्क्याची किंमत राहत नाही. चार प्लॉटांनी तो ११ झाला असता तर मी तिथेच थांबले असते का? थांबले नसते. आधी १०९ ठरवले होते, १०९ मोजले, जे आलं ते आलं.

अहवालात लिहिलं: सरासरी ३.८२, चूक १०.२ टक्के. त्याखाली चार स्तरांचे चार वेगळे आकडे, सरासरी आणि प्रमाण विचलन दोन्ही, म्हणजे पाच-सात वर्षांनी इथं जो कोणी मोजायला येईल त्याला गाडीवाटेवरच्या सहा प्लॉटांवरून सुरुवात करावी लागणार नाही. ते सहा प्लॉट का गाळले, हेही लिहिलं, माझ्या सहीनिशी.

उद्या खुंट्या काढायला मामांबरोबर पुन्हा जायचंय. मधल्या खुंट्या तशाच ठेवायच्या, फक्त कोपऱ्यांच्या काढायच्या.